फॉर्मातला सातवा रकाना

लोणावळा, १२ फेब्रुवारी १९६४

दादा,

वर साष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे, तो लिहिला असं समज. पाच वर्षांत तुला सात पत्रं धाडली, एकाचंही उत्तर आलं नाही, तेव्हा नमस्कार वाया घालवणं आता जिवावर येतं.

कळवायचं एवढंच, की उद्या मी नोकरीच्या मुलाखतीला जाते आहे. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. बंगल्याच्या शेठनी इतके दिवस मागची खोली मला ठेवू दिली, पण आता नवा राखणदार ठरलाय आणि त्याला बायकोपोरं आहेत. मार्चअखेर खोली सोडायची आहे. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. राखणदाराची खोली राखणदारालाच मिळायची.

नोकरी कसली ते वाचून तू तोंड वाकडं करशील. इथं बाजारात नवी पाटी लागली आहे, सद्गती साहाय्य मंडळी, मुख्य कचेरी मुंबई. माणसानं जिवंतपणी दर महिना वर्गणी भरायची, आणि तो मेला की मंडळीनं बांबू, कडबा, मडकं, कापड, लाकूड, सगळं दारात आणून टाकायचं. तिरडी बांधणारासुद्धा त्यांचाच. गिऱ्हाइकानं फक्त मरायचं काम करायचं. ही वर्गणी जमवायला एजंट हवेत. बायका चालतील, चौथीपर्यंत शिकलेल्या असाव्यात असं लिहिलंय.

मी सातवी पास आहे. ती कुणामुळे झाले हे मी विसरलेले नाही. तू स्वतः तिसरीत शाळा सोडलीस, पण ओढ्याला पाणी आलं की मला खांद्यावर बसवून सोमाटण्याच्या शाळेत पोचवायचास. तो दादा आणि हा दादा एकच, हे मला अजून पटवून घ्यावं लागतं.

काही मागायला लिहीत नाही. परंदवडीत कुणी म्हणालं, दत्तोबाची बहीण मढ्यांचा धंदा करते, तर तुला ते माझ्याकडून आधी कळलेलं असावं, म्हणून लिहिलं.

रतन


लोणावळा, १६ फेब्रुवारी १९६४

दादा,

नोकरी लागली. कशी लागली ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, आणि सांगणार कुणाला? तू उत्तर देत नाहीस, म्हणजे मधे न बोलता ऐकून घेणारा तुझ्यासारखा दुसरा नाही.

कचेरी भांड्यांच्या दुकानावर माडीवर आहे. जिन्यात बांबू उभे करून ठेवलेत. खालचा दुकानदार त्यावरून रोज भांडतो, गिऱ्हाईक बांबू बघून परत जातं म्हणतो. आम्ही तिघं होतो. एक विम्याचं काम केलेला गृहस्थ, एक पेन्शनीतले मास्तर, आणि मी. सोपान म्हणून कारकून आहे, त्यानं आम्हाला एकदमच आत नेऊन बसवलं. साहेब दादरचे, टेरिलीनचा बुशशर्ट, बोटात दोन अंगठ्या. म्हणाले, मी गिऱ्हाईक आहे असं समजा, मला मंडळीची योजना विका.

विम्याचा गृहस्थ पाव तास बोलला. पोरींची लग्नं, पोरांची शिक्षणं, म्हातारपण. साहेब म्हणाले, हे सगळं जिवंतपणाचं झालं, आमचा धंदा त्याच्या पुढे सुरू होतो. मग मास्तर उठले. बिचाऱ्यांच्या तोंडून मरण हा शब्द काही निघेना. आपलं बरंवाईट झालं तर, देव न करो, असं तीनदा म्हणाले. साहेब म्हणाले, मास्तर, देवानं न करून कसं चालेल? मास्तरांनी टोपी घातली आणि निघून गेले. मला त्यांचा हेवा वाटला. त्यांना पेन्शन होती.

मी साहेबांना विचारलं, तुमचं गाव कुठलं. दादर, म्हणाले. म्हटलं, मग तुम्ही घ्याल, पण आमच्याकडे गावात कुणी घ्यायचं नाही. का, म्हणाले. मी सांगितलं, गावात मर्तिक झालं की घरटी एक लाकूड आणि दोन गोवऱ्या येतात, कुणाला सांगावं लागत नाही. ज्याच्यासाठी लाकूड विकत आणावं लागतं तो वाळीत पडलेला, असं लोक धरून चालतात. तेव्हा गावात हिंडू नका. गाव सोडून आलेले बघा. रेल्वेच्या गँगमधले, बंगल्यांवरचे माळी, हॉटेलातले आचारी. ज्यांच्या दारात लाकूड घेऊन यायला कुणी नाही असे. साहेब लिहून घ्यायला लागले. विम्याचा गृहस्थ माझ्याकडे असं बघायला लागला की जणू मी त्याचा खिसा कापला.

इथंच मी गप्प बसायला हवं होतं. पण साहेबांनी हौसेनं एक पत्र्याची पेटी उघडली. बायकांसाठी खास योजना, म्हणाले. आत हिरवं पातळ, चोळी, बांगड्या, हळदकुंकवाच्या पुड्या, खणानारळाची ओटी. सगळं आमचं, नातेवाइकांना हात हलवायला नको.

माझ्या तोंडून निघून गेलं. "साहेब, हे न्हाई चालायचं. बाईचं शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. भाऊ आणतो. भाऊ नसला तर भाचा आणतो. तवर तिला उचलत न्हाईत."

"आणि माहेरचं कोणी आलंच नाही तर?"

मी पेटीतल्या पातळाकडे बघायला लागले. दादा, माणूस हुशार आहे. त्यानं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"अशा बायका असतात?"

"लय असत्यात."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी त्यातलीच हाय," मी म्हटलं.

साहेब उठून उभे राहिले. त्यांना पुरलेला हंडा सापडला होता. सोपानला म्हणाले, लिही, फॉर्ममध्ये एक रकाना वाढवायचा. माहेरकडून लुगडं घेऊन कोण येणार, नाव, नातं, पत्ता. जिथं उत्तर नाही असं येईल, तिथं आपली योजना हमखास खपेल. बाई, तुम्ही उद्यापासून कामावर या. राहायला जागा नसेल तर कचेरीच्या मागं एक खोली आहे.

तर अशी लागली नोकरी. ह्यांच्या दहाव्याला मला माहेरचं लुगडं आलं नाही, शेजारच्या येसूबाईनं तिच्या पेटीतलं काढून दिलं. ती गोष्ट मी दोन वर्षं कुणाजवळ बोलले नव्हते. ती एका दादरच्या माणसाला फुकटात देऊन आले, आणि त्यानं ती छापायला दिली.

नेमणुकीच्या कागदावर सोपाननं सवयीनं शाईची डबी पुढं केली आणि म्हणाला, अंगठा इथं. मी त्याच्या हातातून टाक घेतला आणि पूर्ण नाव लिहिलं, रतनबाई मारुती, नवऱ्याच्या आडनावासकट. तो ओशाळला. अंगठा म्हटलं की माझं डोकं का फिरतं, ते त्याला काय ठाऊक. तुला ठाऊक आहे.

रतन


लोणावळा, २ मार्च १९६४

दादा,

फॉर्म छापून आले. गुलाबी कागद आहे, लग्नपत्रिकेसारखा. माझं बोलणं सातव्या रकान्यात जसंच्या तसं आलंय.

साहेबांचा नियम असा, की प्रत्येक एजंटानं आधी स्वतःचा फॉर्म भरायचा. जो स्वतः मरायला तयार नाही त्याच्याकडून गिऱ्हाईक का घेईल, असं त्यांचं म्हणणं. मी सगळा भरला. वय पस्तीस, आजार नाही, मूलबाळ नाही. सातवा रकाना तेवढा कोरा ठेवलाय. साहेब रोज विचारतात. मी म्हणते, गावाहून उत्तर यायचंय.

तुला एक गोष्ट आज कबूल करते. हक्कसोडीच्या दिवशी चावडीवर मी म्हणाले होते, ह्यांनी सही करू नको सांगितलंय. ते खोटं होतं. ह्यांनी तर निघताना मला बजावलं होतं, सही करून मोकळी हो, आपल्याला शेत काय करायचंय, भाऊ राहिला म्हणजे झालं. मी सही करायलाच आले होते. नवा कायदा काय म्हणतो, बहिणीला किती हिस्सा येतो, हे मी तलाठ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि ऐकूनही माझं मन हललं नव्हतं.

मग तलाठ्यानं विचारलं, सही की अंगठा? आणि तू, ज्यानं मला खांद्यावरून शाळेत नेलं तो तू, म्हणालास, अंगठाच घ्या, बायांचं काय. माझा हात धरलास आणि शाईत दाबलास. चावडीत सगळी भावकी बसलेली होती. मी हात ओढून घेतला. तुला वाटलं मी जमिनीसाठी फिरले. पाच वर्षं तुला तेच वाटू दिलं, कारण खरं सांगायची मला लाज वाटत होती. एवढ्याशा गोष्टीवरून कुणी माहेर तोडतं का, असं लोक म्हणाले असते.

आणि तोडलं मी नाही. "आजपासून तुला म्हायार न्हाई," हे तू म्हणालास, उंबऱ्यात उभा राहून.

सोबत पोस्टाचं जोडकार्ड धाडते आहे. एक तुला आलेलं, दुसरं कोरं. कोऱ्यावर माझा पत्ता मी घातलाय, तिकीट छापलेलंच असतं. तू फक्त होय किंवा नाही एवढं लिही. मी मेले तर लुगडं घेऊन येशील का? तेवढं कळलं की रकाना भरून टाकते.

रतन


लोणावळा, ३० मार्च १९६४

दादा,

कार्ड आलं नाही. कचेरीच्या मागच्या खोलीत राहायला आले. एका भिंतीला बांबू, दुसरीला मडक्यांची उतरंड, मधे मी. झोप बरी लागते.

या महिन्यात एकोणीस बायका सभासद केल्या. सोपं नव्हतं. आधीच मी पांढऱ्या कपाळाची, त्यात हा धंदा. खंडाळ्याच्या चाळीत मला मर्तिकबाई म्हणतात. एकीनं मी वळल्याबरोबर उंबऱ्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पण सातवा रकाना वाचून दाखवला की काही जणी आत बोलावतात, दार लोटून घेतात आणि चहा टाकतात. एकीनं मनानं लग्न केलं होतं. एकीच्या भावांना ती विधवा होऊन परत येईल याची भीती. ऐकता ऐकता मला कळलं, की माहेर नसलेल्या बायकांचं एक गाव वसवावं एवढ्या आम्ही आहोत.

त्यातली भामाबाई मला आवडायची. भांगरवाडीला राहायची, नवरा कोंडाजी स्टेशनावर हमाल. तिचं माहेर मुळशीकडचं, गाव धरणात गेलं तेव्हा ती परकरात होती. फॉर्म भरताना मला म्हणाली, "भाऊ कुटं कुटं पांगलं, काय ठावं न्हाई. आता माजं लुगडं मासं आणत्यात व्हय? तूच आण. चांगलं नऊवारी, काठ रुंद बघ."

गेल्या गुरुवारी ती काविळीनं गेली. मंडळीचं पहिलंच काम. सोपान पेटी घेऊन आला, बांबू आले, मडकं आलं, सगळं वेळेवर. बायकांनी तिला न्हाऊ घातलं, हळद लावली. मग मी पेटीतलं पातळ उलगडलं आणि माझे हात थांबले. पाचवारी होतं. मुंबईच्या कचेरीतल्या कुणी गठ्ठ्यानं घेतलं, दादरच्या बायका नेसतात तसं गोल पातळ. भामाबाईनं जन्मात कासोट्याशिवाय लुगडं नेसलं नव्हतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोंडाजी दारातून विचारत होता, झालं का. एक म्हणाली, असंच गुंडाळा. दुसरी म्हणाली, अशी गेली तर तिकडं तिला वळखंल कोण.

मी कचेरीत पळत आले. माझ्या पेटीच्या तळाशी तू दिलेलं लुगडं होतं. अठ्ठावन सालच्या भाऊबीजेचं, हिरवं, तांबड्या काठाचं, तळेगावच्या बाजारात तू आणि वहिनीनं मिळून घेतलेलं. नेसायचं राहून गेलं. नंतर आपलं ते झालं. नंतर हे गेले, आणि हिरवं मला चालेनासं झालं. तरी मी ते ठेवलं होतं, डांबराच्या गोळ्या घालून. खरं सांगू? तू येशील या आशेनं नव्हे. तू नाही आलास तर लोकांना दाखवायला असावं म्हणून, की हिलाही भाऊ होता.

ते भामाबाईला नेसवलं. बरोबर बसलं. उचलायच्या आधी खांदेकऱ्यांतल्या एका म्हाताऱ्यानं रिवाजाप्रमाणे विचारलं, "म्हायारचं कोन आलंय का?"

मी म्हटलं, "मी हाय."

एक बाई कुजबुजली, रांडमुंडीच्या हातचं लुगडं सवाशिणीला. येसूबाई माझ्यासोबत आली होती, तिनं त्या बाईला गप्प केलं. कोंडाजीनं माझ्यापुढे हात जोडले. पन्नास-साठ वर्षांचा माणूस, सासुरवाडीच्या माणसापुढे जोडावेत तसे.

साहेबांना पाचवारीचं सांगितलं. म्हणाले, मेलेल्या बाईला काय चालायचंय? मी त्यांना बोलायचं ते बोलले. नोकरी गेली असं वाटलं होतं. पण त्यांनी हसून नऊवारीची मागणी मुंबईला कळवली आणि माझा पगार तोच ठेवला. वर भामाबाईची हकीकत पत्रकावर छापणार म्हणतात.

आता माझ्यापाशी तुझं काही उरलं नाही.

रतन


लोणावळा, २२ एप्रिल १९६४

दादा,

एकवीरेच्या जत्रेत साहेबांनी मला कार्ल्याच्या पायथ्याला बसवलं. लोक देवीला आयुष्य मागायला वर चढत होते आणि मी खाली मरणाची पत्रकं वाटत होते. चार शिव्या खाल्ल्या, सहा फॉर्म भरले.

त्यातल्या एका बाईचं तुला सांगते. नाव सांगत नाही, तसा मंडळीचा नियम आहे. घोरावाडीहून गावच्या बायकांबरोबर गाडीनं आली होती. बांगड्या भरायचं निमित्त करून त्यांच्यातून सुटली आणि माझ्यापुढे येऊन बसली. पत्रक वाचता येत नव्हतं, पण मी तिथं काय करते ते तिला आधीच माहीत होतं. मुद्दाम आली होती.

चौथा रकाना आजाराचा असतो. गेल्या सहा महिन्यांत काही दुखणं? ती म्हणाली, "न्हाई लिवा." आणि पदर तोंडाला लावून खोकली, बराच वेळ. पदर खाली आला तेव्हा तिनं तो मुठीत गोळा करून धरला, मला दिसू नये म्हणून. मला दिसलं. तरी मी नाही असंच लिहिलं. आजारी माणसाला मंडळी घेत नाही. नोकरीत आल्यापासून मी लबाडी केली ती ही एकच.

मग सातवा. मी आपली सवयीनं नाही लिहायला निघाले, कारण तिचं माहेर मला ठाऊक होतं. एकच भाऊ, तो देवीच्या साथीत गेला. तिनं माझा हात धरला आणि एक नाव सांगितलं. इतक्या बायकांत नाव सांगणारी ही पहिलीच. मी लिहीत असताना तिनं बोट ठेवून विचारलं, कुठं लिहिलं, दाखवा. दाखवलं. तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि उठून बांगड्या भरायला गेली.

तेव्हापासून मी नीट जेवलेले नाही.

रतन


लोणावळा, ११ मे १९६४

दादा,

कार्ड मिळालं. दहा आठवड्यांनी का होईना, तुझं अक्षर बघितलं. मी होय किंवा नाही विचारलं होतं, तू तीन ओळी लिहिल्यास. पत्रे पोचली. सोमवार ता. १८ रोजी तलाठी चावडीवर येणार आहे, सही करून जावी. म्हणजे लुगड्याचे होय.

सही असं लिहिलंस, अंगठा नाही. एवढं तरी तुला कळलं, हे मी घेते.

बाकीचं घेत नाही. सोमवारी मी येणार नाही. जमीन मला नको आहे, पूर्वीही नको होती. ती कस, विक, तिथं मुंबईवाल्यांना बंगले बांधू दे. मी आडवी येणार नाही, फिर्याद करणार नाही. पण सही देऊन लुगडं मिळवायचं म्हणजे ते विकतच घ्यायचं, आणि विकतच घ्यायचं तर आमची मंडळी स्वस्तात देते. आज सकाळी सोपानसमोर मी माझा सातवा रकाना भरला. कोणी नाही. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

माझं हे एवढंच. आता पुढचं तू स्वतः वाच, पोराकडून वाचून घेऊ नकोस. आणि वहिनी जवळ असेल तर कागद घडी करून खळ्यावर जा. तू माझी पत्रं तिथंच वाचतोस आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवतोस, हे मला कळलं आहे. कुणी सांगितलं असेल ते आता ओळखशील.

जत्रेतली ती बाई म्हणजे कस्तुरावहिनी.

कार्तिकापासून खोकते आहे. रक्त पडतं. तुला म्हणाली असेल, घसा धरलाय, मिरचीचा ठसका लागतो. मी म्हटलं, दादाला सांग. ती म्हणाली, "सांगितलं तर मला परसातल्या छपरात टाकतील, वन्सं. पोरास्नी जवळ येऊ द्यायची न्हाईत. हाय तवर त्यांच्यात ऱ्हाऊ द्या." मंडळीची वर्गणी तिनं शेणी विकून आणली होती. तुझ्यावर कशाचाही भार टाकायचा नाही, असा तिचा हिशोब. वीस वर्षं तिनं तुझ्या घरात कधी कशाचा भार टाकला, ते तूच आठव.

सातव्या रकान्यात तिनं माझं नाव घातलंय. मी म्हटलं, वहिनी, मी नणंद, सासरची. असं कुठं असतं का? ती म्हणाली, "भाऊ गेल्यापासनं मला तुमीच व्हता. आपल्या घरानं तुमाला टाकलं, मी कुटं टाकलंय?" त्या भाऊबीजेचं हिरवं लुगडं तिनंच निवडलं होतं, दादा. तुला आठवत नसेल. तू भाव करत उभा होतास.

तुला सांगणार नाही म्हणून तिनं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. ती शपथ मी आत्ता मोडली. मोडायची की नाही हे ठरवायला तीन आठवडे लागले. मला वाटायचं, तुझं कार्ड आलं आणि त्यावर नुसतं होय असलं, तर मी स्वतः परंदवडीला येईन आणि तुला शेजारी बसवून सांगेन. तसं व्हायचं नव्हतं.

आता ऐक. सोमवारी चावडीवर तुझं काही काम नाही, मी येत नाही म्हटल्यावर तलाठी तुझं काय करणार? त्या दिवशी तिला औंधला ने. तिथं छातीचा दवाखाना आहे. इंजेक्शनं मिळतात, वर्षभर घ्यावी लागतात, माणसं उठून कामाला लागतात. इथल्या रेल्वेतला एक जण तिथून बरा होऊन आलाय, मी त्याला भेटून सगळं विचारून घेतलं. आणि तिला परसात टाकू नकोस. तिला आणखी कुठं जायला जागा नाही.

नेलं नाहीस तर काय होईल तेही सांगते, कारण हा आता माझा धंदा आहे आणि मला तो चांगला येतो. सभासद गेला की मंडळी पहिली खबर सातव्या रकान्यातल्या माणसाला देते. म्हणजे मला. मी हिरवं नऊवारी घेऊन निघेन, रुंद काठाचं, या खेपेला मीच निवडलेलं. लोणावळ्याहून गाडी, तिथून चालत, उशीर होईल. तोवर ती तुझ्या अंगणात निजलेली असेल आणि कुणी तिला उचलणार नाही. भावकी बसलेली असेल, चावडीत बसली होती तीच. माझी वाट बघणं तुला भाग पडेल. मग मी अंगणात येईन, आणि कुणीतरी म्हातारा रिवाजाप्रमाणे विचारील, माहेरचं कोण आलंय. मी काही बोलणार नाही. तुलाच हात करून सांगावं लागेल, ही आली, ही माझी बहीण.

तेवढ्यासाठी मला यायला लावू नकोस.

रतन